बाटलीच्या गळ्यात बोकड का? काळ्या जर्मन बीअरविषयी वाचकांचे प्रश्न

भाऊ म्युनिकला असतो. येताना त्यानं एक काळी बीअर आणली. बाटलीच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेला पांढरा प्लॅस्टिकचा बोकड, लेबलवरही बोकडच. घरात माळकरी माणसं आहेत, त्यांनी बाटली फ्रिजमध्ये ठेवू दिली नाही. बोकडाचा आणि बीअरचा संबंध काय?
— वाचक, टिळकवाडी, बेळगाव

आधी घरच्यांची शंका मिटवू. आत बोकडाचं काही नाही. पाणी, सातूचं माल्ट (मोड आणून वाळवलेला सातू), हॉप्स ही कडवट फुलं आणि आंबवणारं यीस्ट एवढंच. काही देशांत बीअर नितळ करायला माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ घालतात. जर्मनीत ती पद्धत नाही. वर्णनावरून तुमची बाटली म्युनिकजवळच्या आयिंग गावच्या ब्रुअरीची ‘सेलेब्राटोर’ असावी. तिचा प्रकार डॉपेलबॉक, म्हणजे ‘दुप्पट बॉक’. सगळी गंमत या ‘बॉक’ शब्दात आहे.

उत्तर जर्मनीत, आजच्या लोअर सॅक्सनी राज्यात, आइनबेक नावाचं गाव आहे. मध्ययुगात ते हान्सा या व्यापारी संघात होतं आणि त्याची बीअर दूरवर जायची. तिच्या विक्रीची १३७८ सालची पावती आजही जपलेली आहे. तिथे बीअर एका कारखान्यात होत नसे. हक्क असलेल्या घरोघरी ती केली जाई, आणि गावाच्या मालकीची मोठी कढई एका दारातून दुसऱ्या दारात फिरे. कढई आत जावी म्हणून त्या घरांचे दरवाजे उंच कमानीचे असत.

दक्षिणेत बव्हेरियाच्या राजघराण्याला ही बीअर इतकी आवडे की ती मागवण्यातच बराच पैसा जाई. तो वाचवायला ड्यूक विल्हेल्म पाचवा यानं १५८९ साली म्युनिकमध्ये दरबाराची स्वतःची ब्रुअरी काढली. हीच होफब्राउहाउस. तरी आइनबेकची सर येईना. शेवटी १६१४ साली एलियास पिख्लर नावाचा ब्रुअर थेट आइनबेकहून आणला गेला. म्युनिकच्या बोलीत ‘आइनबेक’चं ‘आइनपॉक’ झालं आणि पुढे ऐकणाऱ्यांनी त्याचे दोन तुकडे केले: ‘आइन बॉक’. जर्मनमध्ये ‘आइन’ म्हणजे एक आणि ‘बॉक’ म्हणजे बोकड. मग चित्रकारांना काय, लेबलवर बोकड आला! ही बीअर बोकडासारखी लाथ मारते म्हणून हे नाव, किंवा मकर राशीत ती करत म्हणून, असल्या गोष्टी नंतर जोडलेल्या आहेत. नावाचं मूळ त्या गावात आहे.

म्युनिकला आल्यावर बीअरही बदलली. जुनी आइनबेकची बीअर फिकट होती, तिच्यात गहूही असे आणि यीस्ट वर तरंगून आंबवणारं होतं. आज आपण जिला गडद बॉक म्हणतो ती तळाशी बसणाऱ्या यीस्टची, गडद माल्टची, अस्सल दक्षिणेकडची बीअर आहे. नाव उत्तरेचं राहिलं, पिंड म्युनिकचा झाला.

आता नावाच्या शेवटच्या ‘-टोर’बद्दल. म्युनिकच्या पाउलानर मठातले साधू उपासाच्या दिवसांसाठी दाट, पोटभरीची बीअर करत. तिला ‘साल्वाटोर’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘तारणहार’ हे नाव पडलं. ती खपायला लागल्यावर इतर ब्रुअऱ्याही आपल्या दाट बीअरला साल्वाटोरच म्हणू लागल्या. १८९६ साली पाउलानरनं हे नाव कायद्यानं आपलं करून घेतलं. बाकीच्यांना नवी नावं शोधावी लागली, पण ओळख राहावी म्हणून शेपूट तेच ठेवलं: श्पाटेनची ऑप्टिमाटोर, ऑगस्टिनरची माक्सिमाटोर, लोवेनब्रॉयची ट्रिउम्फाटोर आणि तुमची सेलेब्राटोर. लेबलवर ‘-टोर’ दिसलं की बहुतेक वेळा डॉपेलबॉक समजायला हरकत नाही.

जितकी काळी तितकी कडक, असं दुकानदार सांगतो. खरं का? आणि डुंकेल, श्वार्त्स, बॉक यांत फरक काय?
— वाचक, शहापूर, बेळगाव

खोटं. रंग माल्टच्या भाजणीवर ठरतो आणि कडकपणा आंबवायच्या आधी रसात किती साखर होती यावर. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

डुंकेल म्हणजे ‘गडद’. ही म्युनिककडची रोजची तपकिरी लागर (गारव्यात मुरवलेली बीअर), अल्कोहोल साधारण ४.५ ते ५.६ टक्के. चवीला पावाच्या खरपूस कडेसारखी, कडवटपणा बेताचा. श्वार्त्सबीअर म्हणजे ‘काळी बीअर’. थुरिंगियातल्या बाड कोस्ट्रिट्सची त्यात प्रसिद्ध. दिसायला सगळ्यांत काळी, पण अंगानं हलकी, ४.४ ते ५.४ टक्के. बॉक हे नाव मात्र रंगाचं नाही, ताकदीचं आहे. जर्मनीत बॉक म्हणवून घ्यायला मूळ रसात १६ टक्के अर्क (माल्टमधून उतरलेली साखर वगैरे) लागतो, डॉपेलबॉकला १८. साध्या बीअरमध्ये तो ११ ते १३ असतो. म्हणून सोनेरी रंगाची बॉकही मिळते आणि ती काळ्या श्वार्त्सबीअरपेक्षा कितीतरी कडक असते.

‘लागर’ म्हणजे साठवण. बव्हेरियात १५५३ साली २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बीअर करायला बंदी झाली, कारण उन्हाळ्यातली बीअर नासायची. थंडीत केलेली बीअर बर्फ भरलेल्या तळघरात महिनोन्‌महिने ठेवावी लागे. तळघरं थंड राहावीत म्हणून वर चेस्टनटची झाडं लावत आणि त्या सावलीतच पुढे बीअर गार्डन्स वाढली. गारव्यात टिकणारं, तळाशी बसणारं यीस्ट त्या पद्धतीला चांगलंच मानवलं.

कडकपणाचा हिशेब करायचा तर लेबलवरचा टक्क्यांचा आकडा घ्या, मिलिलिटरनं गुणा आणि शंभरानं भागा. ५०० मिली डुंकेल, ५ टक्के: २५ मिली शुद्ध अल्कोहोल. ६० मिलीचा व्हिस्कीचा पेग, ४२.८ टक्के: साधारण तेवढंच. वरच्या प्रश्नातली बोकडवाली ३३० मिलीची बाटली ६.७ टक्क्यांची, म्हणजे २२ मिली. आणि आपल्याकडची ६५० मिलीची पिवळीधमक ८ टक्के स्ट्राँग: ५२ मिली, म्हणजे दोन मोठे पेग. आता रंग कुठला आणि कडक कोण, तुम्हीच बघा.

आमच्या भागात गुऱ्हाळं आहेत. काळ्या बीअरमध्ये काकवी किंवा जळकी साखर घालून रंग आणतात असं ऐकलं.
— वाचक, निपाणी

इतर देशांत काही ठिकाणी कॅरामलचा रंग चालतो. जर्मन लागरमध्ये नाही. १५१६ साली बव्हेरियात झालेल्या शुद्धतेच्या नियमानं सातू, हॉप्स आणि पाणी एवढंच मान्य केलं. यीस्टचं काम तेव्हा कळलेलं नव्हतं, त्यामुळे त्याचा उल्लेख नाही. १९०६ पासून हा नियम सगळ्या जर्मनीला लागू झाला.

रंग येतो भट्टीतून. मोड आणलेला सातू फिकट बीअरसाठी शेवटी ८०-८५ अंशांवर वाळवतात. म्युनिक माल्ट मात्र किंचित ओलसर असतानाच तापवत नेऊन १००-१०५ अंशांपर्यंत पोचवतात. त्या उष्णतेत साखर आणि प्रथिनं एकमेकांशी जुळून तपकिरी, खमंग द्रव्यं तयार होतात. बेळगावचा कुंदा आटताना दुधाला जो रंग आणि वास येतो, त्यामागे हीच क्रिया आहे. काळपट छटेसाठी शेकडा एक ते चार इतकं पूर्ण भाजलेलं माल्ट पुरतं. असं माल्ट फिरत्या ढोलात भाजायचं पेटंट डॅनियल व्हीलर यानं १८१७ साली इंग्लंडमध्ये घेतलं.

बेळगाव परिसरातल्या एका मायक्रोब्रुअरीत मी कामाला आहे. मालकांना ५०० लिटरची डुंकेल हवी आहे. पहिली बॅच जळकट-तुरट झाली, दुसरीला लोण्याचा वास. पाणी बोअरचं आहे आणि करंट जाण्याचा त्रास आहेच. मापं आणि कारणं दोन्ही सांगा.
— वाचक, बेळगाव

हा प्रश्न सगळ्यांत कामाचा आहे, म्हणून सविस्तर घेतो.

५०० लिटर आणि १२.५ टक्के अर्क धरला तर सुमारे ६५ किलो अर्क लागतो. लहान ब्रुअरीत माल्टच्या वजनाच्या ६८-७० टक्के अर्क हाती येतो, म्हणजे ९५ किलो माल्ट घ्या: गडद म्युनिक ८० किलो, पिल्सनर १२.५ किलो, आणि साल काढून भाजलेलं काळं माल्ट २.५ किलो. ‘साल काढलेलं’ हे शब्द पोत्यावर वाचून घ्या. तुमच्या तुरटपणाचा पहिला संशयित इथेच आहे. सालीसकट भाजलेलं माल्ट स्टाउटला शोभतं, डुंकेलमध्ये ते कोळशासारखं लागतं. शिवाय हे अडीच किलो सुरुवातीला घालू नका. मॅश (गरम पाण्यात कालवलेलं दळलेलं माल्ट) ७६ अंशांवर न्यायच्या वेळी वरून घाला. रंग पूर्ण येतो, जळका कडवटपणा उतरत नाही.

दुसरा संशयित पाणी. म्युनिकच्या पाण्यात कार्बोनेट बरंच आहे, आणि गडद माल्टची आम्लता त्याला तोलून धरते. बोअरचं पाणी चालू शकतं, पण क्षारता तपासून घेतल्याशिवाय नाही. मॅश लागल्यावर दहा मिनिटांनी नमुना काढून गार करा आणि पीएच मोजा. ५.३ ते ५.५ हवा. ५.६ च्या वर गेला तर सालीतलं टॅनिन सुटतं आणि जीभ आवळते. अशा वेळी खाण्याच्या दर्जाचं ८०-८८ टक्के लॅक्टिक ॲसिड घाला. एवढ्या माल्टला ०.१ पीएच उतरवायला २५-३० मिली पुरतं. एकदम ओतू नका, घालून ढवळून पुन्हा मोजा. उलट पाणी सगळंच आरओचं असेल तर पीएच ५.२ च्या खाली घसरून बीअर पातळ आणि आंबूस लागू शकते. तेव्हा थोडं बोअरचं पाणी मिसळणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय. नळाचं पाणी घेणार असाल तर कोळशाच्या फिल्टरमधून काढा, नाहीतर क्लोरिनमुळे दवाखान्याचा वास येतो आणि तो कशानंच जात नाही.

मॅशला किलोमागे ३ लिटर, म्हणजे २८५ लिटर पाणी. ६३ अंशांवर अर्धा तास ठेवा. मग तळातला दाट भाग, एकूण मॅशच्या पाव ते एक तृतीयांश, दुसऱ्या भांड्यात काढा. तो ७२ अंशांवर दहा-पंधरा मिनिटं धरून नंतर पंधरा मिनिटं उकळा, सतत ढवळत. तळ लागला तर ती जळकी चव शेवटपर्यंत राहते. भाजलेल्या माल्टला उगाच दोष दिला जातो. उकळलेला भाग मूळ भांड्यात हळूहळू परत सोडा आणि ७२ अंश झाले की थांबा. उरलेला आपोआप गार होऊ द्या, मग मिसळा. तिथे २०-३० मिनिटं, नंतर ७६-७८. या पद्धतीला डिकॉक्शन म्हणतात. आजच्या चांगल्या माल्टला ती अगदी अनिवार्य नाही, पण डुंकेलची भरीव चव तिच्याशिवाय थोडी पोकळ लागते असं आमचं मत आहे. माल्टचा चोथा धुवायचं पाणी ७८ अंशांच्या वर नको, आणि निघणाऱ्या रसातला अर्क २ टक्क्यांच्या आसपास आला की थांबा. शेवटचे थेंब पिळण्याच्या लोभानंही तुरटपणा येतो.

उकळी ७५-९० मिनिटं. ४ टक्के अल्फा ॲसिड (कडवटपणा देणारं द्रव्य) असलेले हालरटाउचे हॉप्स साधारण १ किलो, शेवटची ६० मिनिटं राहिली असताना. यानं कडवटपणा २२ एककांच्या आसपास येतो. डुंकेलला यापेक्षा फार जास्त नको.

आता लोण्याचा वास. त्याचं नाव डायअसेटिल. आंबताना यीस्ट त्याचं पूर्वरूप बाहेर टाकतं, त्याचं डायअसेटिल होतं आणि मग यीस्टच ते पुन्हा खातं. पण त्याला थोडी ऊब आणि वेळ लागतो. टाकी लवकर रिकामी व्हावी म्हणून गोडी संपल्या संपल्या गार केली तर यीस्ट झोपतं आणि वास तसाच राहतो. बहुतेक ठिकाणी हेच घडतं.

म्हणून: रस ८-९ अंशांपर्यंत गार करा, ऑक्सिजन ८-१० मिलिग्रॅम प्रतिलिटर द्या, सुकं लागर यीस्ट ६०० ते ७५० ग्रॅम. एलला (वर तरंगणाऱ्या यीस्टच्या बीअरला) पुरणारं माप इथे पुरत नाही, कारण थंडीत यीस्ट सावकाश वाढतं. १० अंशांवर आंबवा. अर्क १२.५ वरून ५ च्या आसपास आला की तापमान १५-१६ वर चढू द्या आणि तीन-चार दिवस तिथेच ठेवा. गार करायच्या आधी एक साधी चाचणी करा. दोन ग्लासांत नमुना घ्या. एक झाकून ६०-६५ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा, मग दोन्ही सारखे गार करून वास घ्या. तापवलेल्याला लोण्याचा किंवा पॉपकॉर्नचा वास आला तर पूर्वरूप अजून शिल्लक आहे, थांबा. दोन्हींना नसेल तर रोज एक-दोन अंश उतरवत ० ते १ अंशावर आणा आणि पाच-सहा आठवडे हलवू नका. एवढं करूनही लोणी राहिलं आणि सोबत आंबट चवही असेल, तर दोष यीस्टचा नाही. पेडिओकॉकस जिवाणू शिरले आहेत. नळ्या, गॅस्केट आणि नमुन्याचे कॉक उघडून धुवा.

करंटबद्दल: सगळ्यांत नाजूक काळ पहिले तीन दिवस. तेव्हा आंबण्याची स्वतःची उष्णता असते. टाकी गार ठेवणाऱ्या ग्लायकॉलचा पंप तासभर बंद पडला तर हरकत नाही, पण त्या दिवसांत टाकी १४ अंशांच्या पुढे गेली की फळांचा वास आणि डोकं धरणारी जड अल्कोहोलं वाढतात. जनरेटरवर आधी ग्लायकॉलचा चिलर आणि पंप घ्या, दिवे-पंखे नंतर. मुरवणीच्या काळात दोन अंशांची चढ-उतार चालते.

आणि मालकांना आधीच सांगून ठेवा की ही टाकी सात-आठ आठवडे अडकणार. तेवढ्यात गव्हाच्या बीअरच्या तीन बॅच निघतील. हिशेब पटत नसेल तर डुंकेल करू नये. तीन आठवड्यांत काढलेली डुंकेल कुणाच्याच उपयोगाची नाही.

घरी नाचणी किंवा जोंधळ्याचं माल्ट करून अशी बीअर करता येईल का?
— वाचक, खानापूर

परवान्याशिवाय नाही. कर्नाटक अबकारी कायदा १९६५ नुसार परवाना नसताना मद्य तयार करणं गुन्हा आहे, घरच्यापुरतं असलं तरी.

तांत्रिक अडचणही आहे. सातूला साल असते आणि रस गाळताना तीच चाळणीचं काम करते. नाचणी बारीक, जोंधळा बिनसालीचा. दोन्हींचा गाळ घट्ट बसून रस अडतो. शिवाय जोंधळ्याचा स्टार्च ज्या तापमानाला उकलतो, तिथवर साखर करणारी विकरं बरीचशी मेलेली असतात.

बिनअल्कोहोलचं माल्ट मात्र खुशाल करा. नाचणी १२ तास भिजवून, फडक्यात बांधून २४-३६ तास मोड आणा, सावलीत वाळवा, मोड चोळून काढा, मंद आचेवर खमंग भाजून दळा. आंबील उत्तम होते. जोंधळ्याचं करणार असाल तर मोड आणि मुळं पूर्ण चोळून पाखडून टाका. कोवळ्या जोंधळ्यात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं, आणि ते मोडांतच जास्त असतं.

बाटली कशी ठेवावी, किती गार प्यावी, सोबत काय?
— वाचक, कारवार

उभी, अंधारात, जमेल तितकी गार. उजेडानं हॉप्समधली द्रव्यं फुटून कुबट उग्र वास येतो. तपकिरी काच बराचसा उजेड अडवते, हिरवी फारसा नाही. कारवारच्या उकाड्यात कपाटात ठेवलेली बाटली काही महिन्यांत ओल्या पुठ्ठ्यासारखी लागू लागते, म्हणून बाटलीवरची तारीख बघूनच घ्या. आणलेली डॉपेलबॉक पुढच्या दिवाळीसाठी राखून ठेवायची असेल तर ती फ्रिजमध्येच राहू द्या.

डुंकेल ७-९ अंशांवर, डॉपेलबॉक ९-१२ वर. फ्रिज साधारण ४ अंशांवर असतो, तेव्हा पहिली दहा मिनिटं आणि दुसरी वीस-पंचवीस मिनिटं आधी बाहेर काढा. बर्फासारख्या गार बीअरमध्ये माल्टची चव दबते आणि पैसे वाया जातात. ग्लासाला तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला तर फेस बसतो; ग्लास साध्या पाण्यानं ओला करून मग ओता.

सोबत भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचं काहीही: सुकं मटण, सुंगटाचं सुकं. तिखट मात्र आवरतं ठेवा, कारण जास्त तिखटात अल्कोहोल अधिक जळजळतं. डॉपेलबॉकबरोबर कुंदाही छान लागतो, छोट्या वाटीत.

फ्रीझरमध्ये ठेवून विसरू नका. पाच टक्क्यांची बीअर उणे दोन-तीन अंशांवर गोठू लागते आणि बाटली फुटते. चुकून गोठली आणि फुटली नसेल तरी लगेच उघडू नका. उभी फ्रिजमध्ये ठेवून पूर्ण वितळू द्या. नाहीतर निम्मी फेसाबरोबर ओट्यावर येईल.